म्हशीच्या दुधाचं गाव

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित मजकूर)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर ‘इटलीचा प्रवास’ असा विषय छापलाय. पण रोम आणि व्हेनिस तुम्हाला टीव्हीवर माझ्यापेक्षा चांगलं बघायला मिळतं. इथं समोर बसलेल्या निम्म्या बायका पहाटे धार काढून, डेअरीला दूध घालून आल्यात. त्यांना मी आज एका गोठ्यात घेऊन जाणार आहे.

मुलगा नोकरीनिमित्त नेपल्सला असतो. एप्रिलमध्ये त्याच्याकडं गेले, तेव्हा त्यानं विचारलं, ‘आई, काय बघायचंय?’ म्हटलं, ‘तुमच्याकडं म्हशी आहेत असं ऐकलंय, त्या दाखव.’ नेपल्सहून दक्षिणेला रेल्वेनं साधारण सव्वा-दीड तासावर पेस्तुम नावाचं गाव आहे. तिथं ग्रीकांनी बांधलेली तीन देवळं उभी आहेत, अडीच हजार वर्षांपूर्वीची. लोक जगभरातून ती बघायला येतात. देवळांच्या आजूबाजूला सेले नदीचं सपाट खोरं पसरलंय आणि त्यात म्हशीच म्हशी.

हा सगळा भाग एकेकाळी दलदलीचा होता. हिवतापानं माणसं टिकायची नाहीत, गाईही टिकायच्या नाहीत. टिकली ती म्हैस. चिखलात तिचा पाय रुतत नाही आणि पाणी तर तिला हवंच असतं. विसाव्या शतकात दलदल उपसून शेती झाली, म्हशी मात्र राहिल्या. इटलीत म्हैस नेमकी कधी आली यावर तिथल्या अभ्यासकांचं एकमत नाही. पण ती नदीकाठची जात आहे, आपल्या म्हशींच्याच कुळातली, आणि या कुळाला माणसानं पहिल्यांदा दावं बांधलं ते आपल्याच उपखंडात. कुंपणाशी उभी राहून मी ते काळं, ओलं नाक बघितलं आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. शिंगं आपल्या पंढरपुरीसारखी लांब नाहीत, मागं वळलेली आखूड आहेत. नजर मात्र तीच.

गोठ्यात मोठे फिरते ब्रश लावलेत. म्हैस स्वतः जाऊन पाठ घासून घेते. धार काढायला यंत्र आहे आणि त्याच्याकडंही ती आपल्या पायानं, आपल्या वेळेला चालत जाते. मला हे पटेना. आमच्या सासूबाई चार दिवस गावाला गेल्या तर घरची म्हैस पान्हा चोरायची. इथं रेडकू जवळ नाही, ओळखीचा हात नाही, आणि म्हैस पान्हावते कशी? शेण ओढणाऱ्या एका मुलानं उत्तर दिलं, तेही हिंदीत. तो पंजाबचा. त्या खोऱ्यातल्या कितीतरी गोठ्यांत पंजाबी मुलं कामाला आहेत. म्हणाला, ‘आंटीजी, पहिल्या वेतापासून सवय लावतो. मारत नाही, ओरडत नाही. घाबरली की दूध वर चढवते, हे तुम्हाला मी काय सांगू?’ त्याच्या घरी दोन म्हशी आहेत आणि त्याची आई अजून हातानंच धार काढते.

मग या दुधाचं मोत्झारेल्ला नावाचं चीज करतात त्या कारखान्यात नेलं. कारखाना म्हणायचं एवढंच, आपल्या मोठ्या माजघरासारखी जागा. काचेच्या या बाजूनं आपण बघायचं. कच्चं दूध कोमट करतात आणि त्यात कालची निवळी, म्हणजे दूध गोठल्यावर सुटलेलं पाणी, घालतात. म्हणजे विरजणच की हो! रोजच्या निवळीतली थोडी उद्यासाठी राखायची, तशीच परवासाठी. आपल्या घरात विरजण संपलं तर शेजारी वाटी घेऊन धावतो ना, तेच. मग रेनेट घालतात आणि दूध गोठतं. ते खरवसासारखं थरथरायला लागलं की अक्रोडाएवढे तुकडे करतात आणि निवळीतच चार-पाच तास आंबायला ठेवतात.

आता यातलं मला सर्वांत आवडलेलं काम सांगते. आंबलेला गोळा तयार झाला की नाही हे तिथला कारागीर घड्याळावर ठरवत नाही. चिमूटभर घेतो, उकळत्या पाण्यात बुडवतो आणि दोन्ही हातांनी ताणतो. तार न तुटता लांबत गेली तर झालं. आपण पाक एकतारी झाला का बघतो, अगदी तसं. थोडं लवकर केलं तर तुटतं, उशीर झाला तर पाणी होऊन वाहतं. मग सगळा गोळा चिरून त्यावर जवळजवळ उकळतं पाणी ओततात आणि लाकडी दांड्यानं वर उचलून उचलून ताणतात, इतकं की तो रेशमासारखा चमकायला लागतो. मग दोघं समोरासमोर बसतात. एक जण तो लगदा धरतो, दुसरा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत गोळा तोडतो. इटालियनमध्ये असं तोडण्याला ‘मोत्झारे’ म्हणतात, त्यावरून मोत्झारेल्ला. माझी भाकरीचा उंडा तोडणारी मूठ आपोआप हलायला लागली. काही कारागीर वेणीही घालतात, तीन पेडांची, आपण मुलीची घालतो तशी.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण इथं माळकरी मंडळी बसली आहेत. हे रेनेट वासराच्या पोटातून काढतात. या चीजच्या नियमातच तसं लिहिलंय. त्यामुळं जे कडक शाकाहारी आहेत त्यांनी हे खाऊ नये. मला हे कारखान्यातच कळलं, जेवणाच्या आधी. मी थोडा वेळ थांबले, विचार केला आणि खाल्लं. घरी सासूबाईंच्या फोटोसमोर ते सांगितलंही. तुम्ही तुमचं ठरवा, पण माहीत असून ठरवा.

जेवण अंगणात, झाडाखाली होतं. पानात एक पांढराशुभ्र गोळा, बाकी काही नाही. मी म्हटलं, मीठ, तिखट, काही तरी? वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, आधी नुसतं. सुरी लावली आणि आतून दूध वाहिलं. चव सांगणं अवघड आहे. ताज्या लोण्याचा गोडवा, ताकाची किंचित आंबट धार, आणि दाताखाली कापूस नव्हे, मऊ पापुद्रे. मग आर्टिचोक आले, कमळाच्या कळीसारखी भाजी, पेस्तुमचीच, बिनकाट्याची आणि गोल. निवळी परत तापवून काढलेला रिकोटा आला, पेंढ्याच्या धुरावर धरलेला एक तपकिरी गोळा आला आणि शेवटी म्हशीच्या दुधाचं आइस्क्रीम. मुलगा म्हणाला, पिझ्झावरची मोत्झारेल्ला तू खाल्लीस की. नाही रे बाबा, ती वेगळी. मोत्झारेल्ला गाईच्या दुधाचीही होते आणि बाजारातली पुष्कळशी तशीच असते. ही फ्रिजमध्येही ठेवायची नाही म्हणतात. गार झाली की चव मिटते. केली त्याच दिवशी संपवायची.

आता मला जे सांगायचंय ते इथं आहे. तिथल्या उत्पादकांनी 1981 मध्ये संघ काढला आणि 1996 मध्ये युरोपकडून भौगोलिक मानांकन मिळवलं. आपल्या कोल्हापुरी गुळाला आहे तसं. नियम असा की दूध ठरलेल्या भागातल्याच म्हशींचं, फॅट किमान 7.2 टक्के, आणि धार काढल्यापासून 60 तासांच्या आत चीज व्हायलाच हवं. एक किलोला साधारण सव्वाचार लिटर दूध जातं. म्हणजे ताटातल्या गोळ्यापासून मागं चालत गेलं तर तुम्ही गोठ्यापर्यंत पोचता. आपल्याकडं काय होतं? काकू किटली घेऊन येतात, नमुना यंत्रात जातो, ‘साडेसहा लागली’ अशी चिठ्ठी मिळते आणि दूध टँकरमध्ये ओतलं की त्याचं गाव पुसलं जातं. भाव फॅटला मिळतो. चारा कुठला, पाणी कुठलं, हात कुणाचा, याला काहीच किंमत नाही. चिडून बोलत नाहीये मी. डेअरीनं आपली घरं उभी केली, मुलं शिकवली. पण कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर माणसं उभी राहून धारोष्ण दूध पितात, तेव्हा म्हैस डोळ्यांसमोर असते आणि ग्लासाला भाव मिळतो. हे आपल्याला येत होतं, आजही येतं.

तिथं सगळं गोड आहे असंही समजू नका. त्या पंजाबी मुलाला मी विचारलं, रेडे कुठं आहेत? तो गप्प झाला. नर रेडकाला दूध पाजायला कुणाला परवडत नाही, ना तिथं ना इथं. त्यांचं काय होतं हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे आणि आपण कुणीच ते मोठ्यानं बोलत नाही. पुढच्या वेळी बोलावलंत तर मला त्या एकाच विषयावर बोलायचंय.

दुसऱ्या दिवशी देवळं बघून झाल्यावर दुपारी तीनला आम्ही परत त्या कारखान्याच्या दुकानात गेलो. सुनेसाठी एक वेणी न्यावी असा विचार होता. काउंटर धुवून पुसून कोरडा होता. कालच्याच बाई होत्या. त्यांनी दोन्ही हात रिकामे करून दाखवले. मुलानं विचारलं, आत एखादी असेल ना? त्यांनी मान हलवली आणि गोठ्याकडं बोट दाखवलं. दूध उद्या पहाटे येईल, सकाळी या.