ताज खरंच उलटं बांधलंय का?

गेटवेला जाऊन आलेल्या कुठल्याही नाशिककराला विचारा, मुंबईच्या ताज हॉटेलबद्दल एक गोष्ट तो हमखास सांगणार. गोऱ्या आर्किटेक्टनं नकाशे दिले, तो विलायतेला गेला, परत येऊन बघतो तर काय, हॉटेलचं तोंड गावाकडे आणि पाठ समुद्राकडे, मग बिचाऱ्यानं वरून उडीच मारली. ऐकायला भारी आहे, पण सपशेल थाप आहे.

मुळात नकाशे काढणारा गोरा नव्हताच. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, आपला मराठी माणूस, आणि सोबत डी. एन. मिर्झा. आणि वैद्य म्हणजे कोण, तर पंचवटी एक्स्प्रेसनं आपण सीएसएमटीला उतरतो ना, ते जुनं व्हीटी आर्किटेक्ट स्टीव्हन्स साहेब बांधत होता तेव्हा त्याच्याकडे असिस्टंट इंजिनियर होते ते! ताजचं काम पूर्ण व्हायच्या आधीच वैद्य वारले, पुढचं चेंबर्स नावाच्या इंग्रजानं पूर्ण केलं. उडीबिडी कुणी मारली नाही.

बरं, तोंड गावाकडे होतं हे मात्र खरं. पण ते मुद्दाम. बग्ग्या शहराकडून यायच्या, म्हणून मेन दरवाजा तिकडे ठेवला. पुढे समुद्राच्या बाजूनं एंट्री झाली आणि जुन्या दरवाजाच्या जागेवर आज स्विमिंग पूल आहे.

जमशेटजी टाटांनी 16 डिसेंबर 1903 ला हे हॉटेल सुरू केलं आणि पुढच्या मे महिन्यात ते गेलेसुद्धा, म्हणजे जेमतेम 5 महिने त्यांनी ते चालताना बघितलं. तेव्हा समोर गेटवे नव्हता बरं का, तो पूर्ण झाला 1924 ला, त्यामुळे बोटीनं येणाऱ्याला आधी ताजचा घुमटच दिसायचा. नोव्हेंबर 2008 मधे काय झालं ते सगळ्यांना माहितीये, जुनी विंग परत उघडली ती थेट 15 ऑगस्ट 2010 ला.

मला विचाराल तर खरी मजा आत राहून गेलेल्या लोकांची आहे. सरोजिनी नायडूंचा मुक्काम इथे असायचा. पुलित्झर मिळवलेला अमेरिकन लेखक लुई ब्रॉमफील्ड, त्यानं 1940 मधे 'नाइट इन बॉम्बे' ही कादंबरी काढली, त्यातलं बरंचसं ताजमधेच घडतं. 1966 ला इंग्लंडच्या बीटल्स बँडमधला जॉर्ज हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकायला आला, केस कापले, मिशा ठेवल्या, खोटं नाव लावून ताजमधे उतरला, तरी लिफ्टवाल्या पोरानं ओळखलंच! मग खाली ही गर्दी, शेवटी गुरू-शिष्य काश्मीरला निघून गेले.

पण सगळ्यात भारी किस्सा बॉलरूमचा. 1930 च्या दशकात इथे जॅझ वाजायचं, आधी अमेरिकेतून कृष्णवर्णीय वादक आले, त्यांच्यासोबत वाजवून गोव्याची पोरं तयार झाली. त्यातला एक अँटोनियो झेवियर वाझ, पण सगळे त्याला चिक चॉकलेट म्हणायचे, अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग, त्याचा असा भक्त की ट्रम्पेट तर तसं वाजवायचाच, गायचाही तसाच. ताजच्या डान्स फ्लोअरसमोर साहेब आणि राजेमहाराजे, आणि रात्री ह्यांच्यासाठी वाजवणारा हा दिवसा कुठे असायचा? फिल्म स्टुडिओत, संगीतकार सी. रामचंद्रांच्या रेकॉर्डिंगला.

सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकर अण्णा, पुणतांब्याचे, मनमाडहून दौंड लाईनला लागलं की येतं ते पुणतांबं. अण्णांना नोटेशन लिहिणारा, ट्रम्पेट-सॅक्सोफोन बसवून देणारा माणूस हवा होता, तो ताजच्या बॉलरूममधून मिळाला. 1951 चा 'अलबेला' आठवा, 'शोला जो भडके' मधे चिक आणि त्याची मंडळी पडद्यावरसुद्धा आहेत, झालरीच्या बाह्यांचे शर्ट घालून. ताजच्या तिकिटाला पैसे नसलेल्या पब्लिकनं तेच जॅझ थेटरात चार आण्यात ऐकलं, आणि भगवानदादांची ती स्टेप आमच्या नाशकात वरातीत आजही चालते.