सोळाव्या वर्षी पुरे कसं?

नमस्कार श्रोतेहो.

माझी मुलगी यंदा दहावीत गेली. सहा वर्षांची असल्यापासून ती जिम्नॅस्टिक्स करते. मागच्या आठवड्यात आत्याबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "आता बस कर बाई तिच्या उड्या. दहावीचं वर्ष आहे." काळजीपोटीच म्हणाल्या. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. तिच्याबरोबर सुरुवात केलेल्या आठ जणींपैकी आज दोघीच सरावाला येतात. बाकीच्या नववी-दहावीतच थांबल्या.

आता नियम पाहा. मुलींना वरिष्ठ गटाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं तर त्या वर्षात वयाची १६ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे जिथून खरी कारकीर्द सुरू होते, नेमकं तिथंच आपण पोरीला घरी बसवतो.

आगरतळ्याच्या दीपा कर्माकारची गोष्ट मी मुलीला अनेकदा सांगते. लहानपणी दीपाचे तळपाय सपाट होते. या खेळात पायाची कमान उसळी देते, उतरताना धक्का झेलते. तीच नाही, म्हणजे पायाच कच्चा. प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी वर्षानुवर्षं व्यायाम करवून घेऊन ती कमान घडवली. २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं व्हॉल्टवर, म्हणजे धावत येऊन टेबलावरून उडी घेण्याच्या प्रकारात, कांस्यपदक मिळवलं.

मग १४ ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिंपिकमधली व्हॉल्टची अंतिम फेरी. क्षणभर डोळे मिटा. साधारण २५ मीटरची धाव. स्प्रिंगबोर्डवर दोन्ही पाय. सव्वा मीटर उंच टेबलावर हात टेकतात न टेकतात तोच शरीर हवेत, आणि पुढच्या दिशेनं दोन कोलांट्या. ही उडी प्रोदुनोव्हा. पुढच्या दिशेच्या कोलांटीत जमीन शेवटच्या क्षणापर्यंत नीट दिसत नाही, म्हणून ती इतकी धोक्याची. दीपा पायांवर उतरली, पण इतकी खोल बसली की बूड मॅटला टेकलं. गुण १५.०६६. कांस्यपदक १५.२१६ ला गेलं. अवघ्या ०.१५ गुणानं ती चौथी आली. त्या रात्री मी रडले होते, हे आजही सांगायला मला संकोच वाटत नाही.

त्याच फेरीत उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिनाही होती. वय ४१! तिनंही प्रोदुनोव्हाच मारली आणि सातवी आली. माझ्या मुलीला दीपाइतकीच ही बाई आवडते.

पुढची वर्षं दीपासाठी सरळ गेली नाहीत. २०१७ मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. २०१८ मध्ये तुर्कस्तानात मेर्सिनला सुवर्णपदक मिळालं. नंतर उत्तेजक चाचणीत दोषी ठरून २१ महिन्यांची बंदी आली. ती चूक मी मुलीपासून लपवलेली नाही; आपण घेतो त्या प्रत्येक गोळीची जबाबदारी आपली, हे तिला कळायलाच हवं. बंदी जुलै २०२३ मध्ये संपली. मे २०२४ मध्ये ताश्कंदला, आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत, दीपानं व्हॉल्टचं सुवर्ण जिंकलं. तोवर कुणाही भारतीय जिम्नॅस्टला ते जमलं नव्हतं. तिचं वय होतं ३०. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिनं निवृत्ती घेतली.

तिशीत सुवर्ण! आणि आपण पंधराव्या वर्षी म्हणतो, बस कर.

अभ्यास महत्त्वाचा आहेच. आम्ही घरी बसून वेळापत्रक केलं. पहाटे साडेपाच ते सात सराव, नागपूरच्या उन्हाळ्यात तीच वेळ बरी. संध्याकाळ पूर्ण अभ्यासाची. परीक्षेच्या महिन्यात फक्त अंग ताणण्याचे आणि ताकदीचे व्यायाम, अवघड उड्या नाहीत. सरांनीही मान्य केलं. आत्याबाईंना ते वेळापत्रक दाखवलं, तर त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

थांबलेल्या सहा जणींच्या आयांना मी फोन करायला घेतले आहेत. दोघींशी बोलणं झालं. एक म्हणाली, "मार्चनंतर नक्की पाठवते." दुसरीनं विचारलं, "ताई, सकाळी तुमच्या गाडीवर तिलाही न्याल का?"

सोमवारपासून मी दोघींना घेऊन निघते आहे.