गळलेलं पान आधी हातात घ्या

नमस्कार मंडळी. टेबलावरच्या या टांगत्या कुंडीखाली चार-सहा पानं पडलेली तुम्हाला दिसत असतील. कुंडी नुसती उचलून आणली, एवढं निमित्त तिला पुरतं. आपला आजचा विषयच हा आहे: लोंबत वाढणाऱ्या सक्युलंटची, म्हणजे पानांत पाणी साठवणाऱ्या मांसल झाडांची, पानं का गळतात आणि आपण काय करायचं. माझा अनुभव असा, की पान गळलेलं दिसलं की माणसाचा हात आधी झारीकडे जातो. तो पानाकडे जायला हवा. आज मला मुख्यतः एवढंच सांगायचंय.

हे सेडम मॉर्गॅनियॅनम, रोपवाटिकेत ‘बरोज टेल’, म्हणजे गाढवाची शेपटी, या नावानं मिळतं. मूळचं मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझचं. १९३८ साली वनस्पतिशास्त्रज्ञ एरिक वॉल्थर यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. रानात ते कड्यांवरून खाली लोंबत वाढतं. आता हे एक पान बघा. गुबगुबीत आहे, पण देठाला चिकटलंय ते टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेवर. जरा धक्का लागला की सुटतं, जिथे पडेल तिथे मूळ धरतं. पसरण्याचा हा त्याचा मार्गच आहे. तेव्हा पान टणक असेल, रंग ताजा असेल आणि कुणाचा तरी धक्का लागून पडलं असेल, तर रोपाला काही झालेलं नाही. कुंडी जाण्यायेण्याच्या वाटेवरून हलवा, संपलं.

काळजी करायची ती पान आपोआप गळायला लागल्यावर. ते उचला आणि बोटांत दाबा. पिवळट, आरपार दिसणारं, पाणी भरल्यासारखं मऊ लागलं तर पाणी जास्त झालंय. सुरकुतलेलं, चपटं, कोरडं लागलं तर तहान असू शकते. ‘असू शकते’ म्हणतोय, कारण नेमकी इथेच गफलत होते. मुळं कुजली की ती पाणी ओढूच शकत नाहीत, आणि ओल्या मातीत उभं असलेलं रोपही सुकल्यासारखं दिसतं. अशा वेळी आणखी पाणी घातलं की उरलीसुरली मुळंही जातात. म्हणून सुरकुतलेलं पान दिसलं तर लाकडी काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसा. काडी कोरडी आली तर खुशाल भरपूर पाणी द्या. तिला ओली माती चिकटून आली तर रोप कुंडीतून बाहेर काढा आणि मुळं बघा. चांगली मुळं फिकट आणि चिवट असतात, कुजलेली काळपट होतात आणि ओढली की साल हातात येते.

मुळं कुजतात ती श्वास कोंडल्यामुळे. त्यांना ऑक्सिजन लागतो, तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानानं सुमारे १०,००० पट हळू पसरतो, त्यामुळे पोकळ्या पाण्यानं भरून राहिल्या की मुळं गुदमरतात. मग बुरशीचं फावतं.

त्यात या झाडांची जगण्याची रीत वेगळी. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, आणि त्याच वाटेनं पाणीही उडून जातं. ही मंडळी छिद्रं रात्री उघडतात, घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं लावून तो वापरतात. आपली पानफुटी याच कुळातली. तिचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारी बेचव, हे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी १८१५ साली नोंदवून ठेवलंय. तुम्ही मात्र चाखायला जाऊ नका, पानफुटीत विषारी द्रव्यं असतात. सांगायचा मुद्दा, हे रोप पाणी फार सावकाश पितं. म्हणून ‘आठवड्यातून किती वेळा पाणी घालू?’ हा प्रश्न मला आवडत नाही. पाणी घातल्यावर लगेच कुंडी उचलून बघा, नंतर रोज उचला. हाताला वजन कळायला लागतं. हलकी लागली की पाणी, तेही तळातून वाहेपर्यंत. बशीतलं पाणी लगेच ओतून टाका.

आता खडीविषयी. तळाशी खडी घातली की निचरा चांगला होतो, असं सगळेच सांगतात, आणि ते चूक आहे. घरी एक स्पंज भिजवून आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. तोच उभा करा, पुन्हा गळायला लागेल. आडव्यात खालचा थर पाणी धरून बसला होता. कुंडीतही बारीक माती केशाकर्षणानं, म्हणजे कणांमधल्या बारीक फटींत पाणी धरून ठेवणाऱ्या ओढीनं, तळाशी असाच ओला थर धरते. खाली खडी घातली तर तो थर नाहीसा होत नाही, खडीच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. त्यापेक्षा सगळी कुंडी एकाच भरड मिश्रणानं भरा: जाड वाळू किंवा पर्लाईट (हलके, पांढरे, फुगवलेले खडे) निम्म्याहून जास्त, बाकी माती आणि थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). कुंडी मातीची असेल तर उत्तम, आणि तळाला छिद्र हवंच.

उजेडाचं थोडक्यात. कुंडी खिडकीच्या वरच्या कडेपेक्षा उंच टांगली की शेपटांना उजेड मिळतो आणि डोकं अंधारात राहतं. मग वरून टक्कल पडतं. कुंडी खाली घ्या. पण अंधारातून काढून एकदम भर दुपारच्या उन्हात नेऊ नका, त्या बदलानंही पानं गळतात.

रोप वरून गेलंच असेल तर निरोगी शेंडे कापा, खालची पानं काढा, तीन-चार दिवस सावलीत जखम सुकू द्या आणि कोरड्या मिश्रणावर आडवे ठेवा. पहिलं पाणी आठवड्यानं. पडलेली टणक पानंही तशीच पसरून ठेवा, फक्त त्यांचं बूड अखंड हवं. ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’, म्हणजे हिरव्या मण्यांची वेल असेल, तर सुट्या मण्यापासून सहसा रोप होत नाही. तिचा देठासकट तुकडा मातीवर टेकवा, पेरांपाशी मुळं फुटतात. घरात मांजर-कुत्रं असेल तर ही वेल त्यांच्या तोंडाशी येऊ देऊ नका, ती विषारी आहे.

मागून एक प्रश्न आलाय, पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसतं. ते पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं एकेक टिपा, आठवड्यानं पुन्हा तपासा, मुळांशीही बघा. पुसताना पानावरची मेणाची पांढुरकी झाक जाईल आणि त्या पानावर ती परत येणार नाही. किडीपेक्षा ते परवडलं.