चांगला मॉनिटर आणि गिऱ्हाइकाचा पडदा

मंडळी, तुमच्यातले बरेच जण फ्लेक्सच्या कामातून वेबकडे वळलेत, हे मघाशी ओळखी झाल्या तेव्हाच कळलं. कोल्हापुरात त्याचं नवल नाही. वाढदिवस असो नाहीतर मिसरूड फुटलेल्या भावी नगरसेवकाची निवड, चौकात बोर्ड लागतोच. त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, वेबला डीपीआय किती ठेवायचा?" डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके. आणि उत्तरही कुणीतरी आधीच देऊन ठेवलेलं असतं, ७२.

हा ७२ चा आकडा १९८४ च्या मॅकिंटॉशचा. त्याच्या पडद्यावर इंचाला ७२ पिक्सेल बसायचे. तो मॅक गेला, आकडा मागे राहिला. तुम्ही ८०० पिक्सेल रुंदीचं चित्र ७२ ने सेव्ह करा नाहीतर ३०० ने, ब्राउझर त्या आकड्याकडे बघतही नाही. त्याच्या लेखी ते चित्र ८०० पिक्सेलचंच. तेव्हा हा प्रश्न आजपासून सोडून द्या.

त्याऐवजी अंतराचा विचार करा. दाभोळकर कॉर्नरला लावलेला फ्लेक्स जवळ जाऊन बघितला तर ठिपके दिसतात, पण रस्त्यापलीकडून चेहरा गुळगुळीत दिसतो. वेबच्या नियमांतही पिक्सेलची व्याख्या अशीच केलेली आहे : हातभर अंतरावर, म्हणजे २८ इंचांवर धरलेल्या ९६ डीपीआयच्या पडद्यावरचा एक पिक्सेल डोळ्याला जेवढा दिसतो, तेवढा. सीएसएसमधला, म्हणजे वेबपेजची मांडणी लिहायच्या भाषेतला, पिक्सेल तो हा. काचेमागचे खरे ठिपके वेगळे. २०१० साली आयफोन ४ आला तेव्हा इंचाला ३२६ ठिपके झाले, आणि सीएसएसच्या एका पिक्सेलमागे आडवे दोन, उभे दोन असे चार ठिपके उभे राहिले. २०१२ च्या मॅकबुक प्रोमध्ये तेच : २८८० बाय १८०० ठिपके, पण वेबपेजच्या दृष्टीने पडदा १४४० बाय ९००.

तुमच्या टेबलावर असा मॉनिटर आला की गोंधळ इथूनच सुरू होतो. फोटोशॉपमध्ये चित्र १०० टक्क्यांवर ठेवलं की ते ब्राउझरमध्ये दिसेल त्याच्या निम्मं दिसतं. मग हात आपोआप सगळं मोठं करत सुटतो. अशा दुप्पट पडद्यावर, म्हणजे एका पिक्सेलमागे दोन बाय दोन ठिपके असलेल्या पडद्यावर, वेबचं चित्र २०० टक्क्यांवर बघायची सवय लावा. स्क्रीनशॉटचंही तसंच. रुंदी न देता पेजवर टाकलात तर दुप्पट आकाराचा येऊन बसतो.

पण खरी अडचण पुढेच आहे. चांगला पडदा चुका दाखवतो असं आपण समजतो. काही चुका तो झाकतो. एसव्हीजीमध्ये, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघा-आकारांनी लिहिलेल्या चित्रात, एक पिक्सेल जाडीची आडवी रेघ काढा, वाय (वरून खाली मोजलेलं अंतर) बरोबर १० वर. रेघेची जाडी मध्यापासून दोन्हीकडे वाटली जाते, म्हणून ती ९.५ पासून १०.५ पर्यंत पसरते. दुप्पट पडद्यावर हेच १९ ते २१. ठिपक्याच्या कडेला कड लागली, रेघ काळी कुळकुळीत. साध्या, पिक्सेलमागे एकच ठिपका असलेल्या पडद्यावर मात्र दोन ओळींत अर्धी-अर्धी विभागली जाते आणि राखाडी, फुगलेली दिसते. तुम्हाला ते कधी दिसणारच नाही, कारण तुमचा मॉनिटर भारी आहे! वाय १०.५ करा, दोन्हीकडे नीट येईल. विंडोजवर १५० टक्के लावलेल्या लॅपटॉपवर तेवढ्यानेही भागत नाही, तिथे रेघ थोडी विस्कटतेच. ते मी मान्य केलंय.

आता चपलेचा फोटो घ्या. कोल्हापुरीच्या पट्ट्यावरची ती बारीक कातडी वेणी. कॅमेऱ्यातून ६००० पिक्सेलचा फोटो आला आणि पेजवर ती चप्पल ४०० पिक्सेलमध्ये बसवायची आहे. वेणीचे पदर ठिपक्यांपेक्षा बारीक झाले की चित्रात लाटा उठतात, जणू चामड्यावर पाणी हलतंय. दुप्पट पडद्यासाठी त्याच जागेला ८०० पिक्सेलची आवृत्ती देतो, तिच्यात पदर सुटे दिसतात, म्हणून तिथे बघणारा खूश. २४ इंची साध्या फुल एचडी मॉनिटरवर, म्हणजे इंचाला जेमतेम ९२ ठिपके, ४०० ची आवृत्ती जाते आणि वेणीचा लगदा होतो. म्हणून ४०० ची आवृत्ती वेगळी बघायची. आधी लहान करा, मग शार्पन, उलट नाही. आणि तरीही वेणी हरवत असेल तर चप्पल आणखी जवळून क्रॉप करा. पूर्ण जोड दाखवायचा हट्ट नको.

४००, ८०० आणि १२०० अशा तीन आवृत्त्या एसआरसीसेटमध्ये, म्हणजे चित्राच्या टॅगमधल्या यादीत, द्या, कुठली उचलायची ते ब्राउझर बघून घेईल. चौकोनी फोटोत १२०० म्हणजे ४०० च्या नऊपट पिक्सेल, तेवढा डेटा खर्चून फोटोत फारसा फरक दिसत नाही. मी बहुतेकदा ८०० वर थांबतो आणि जेपीईजीची क्वालिटी बिनधास्त उतरवतो. दुप्पट पडद्यावर ठिपके इतके बारीक असतात की ती खराबी डोळ्यात भरत नाही. लोगो एसव्हीजीत ठेवा. आणि दुकानाचं नाव, दर, पत्ता चित्रात कोरू नका, साधा मजकूर म्हणून लिहा. बारीक देवनागरी चित्रात घातली की साध्या पडद्यावर आधी शिरोरेषा धुरकट होते, मग मात्रा.

नवा मॉनिटर घेतलात तर जुना भंगारात देऊ नका. दुसऱ्या पोर्टला लावा आणि काम गिऱ्हाइकाला पाठवण्याआधी खिडकी तिकडे ओढून बघा.

राहता राहिला रंग. बरेच नवे भारी मॉनिटर डिस्प्ले पी३ चे असतात, वेबच्या नेहमीच्या रंगसंचापेक्षा, म्हणजे एसआरजीबीपेक्षा, जास्त रंग दाखवणारे. त्यावर गुळाच्या ढेपेचा पिवळा रंग मस्त खुलवता, आणि एक्स्पोर्ट करताना प्रोफाइल, म्हणजे फाइलमधले रंग कुठल्या रंगसंचातले ते सांगणारी चिठ्ठी, गळून पडतं. ब्राउझर त्या फाइलला एसआरजीबी समजतो आणि ढेप फिकी पडते. मग मार्केट यार्डातून फोन येतो, "आमचा गूळ आजारी आहे काय ओ?" त्यांना फोनवर प्रोफाइल समजावत बसण्यापेक्षा एक्स्पोर्टच्या खिडकीत एसआरजीबीत बदलायच्या चौकटीवर टिचकी मारा. चला, आता प्रश्न विचारा.