शिडीला हात लागेपर्यंत

(लाटांचा आवाज. दूरवर सिंधुदुर्गाची तटबंदी.)

सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो, तोवर मालवणचं पाणी निवांत असतं. स्कूबाच्या होड्या याच वेळी निघतात. दुपारी खारा वारा जोर धरतो आणि तेच पाणी उठू लागतं. वाऱ्याने उठलेली ही आखूड लाट फार खोल पोचत नाही. त्यामुळे खाली प्रवाळ बघत फिरणाऱ्याला वर काय मांडलंय याची कल्पनाच नसते. डोकं बाहेर काढलं की पहिली लाट थेट तोंडावर.

(होडी वर उचलली जाते, खाली आदळते.)

आता भीती पाण्याची कमी आणि होडीची जास्त. शिडी दर लाटेला दोन-तीन फूट उचलली जाते आणि तेवढ्याच वेगाने खाली येते. तिच्याखाली कुणाचं डोकं असेल, तर? म्हणूनच शिडीवर एक जण असताना दुसऱ्याने खाली थांबायचं नाही. वरच्याचा हात सुटला, तर अंगावर माणूस येतो आणि त्याच्या पाठीवरची चौदा-पंधरा किलोची टाकीही.

सुकाणूवरच्या माणसाची खरी परीक्षा इथेच आहे. वाऱ्याच्या वरच्या अंगाला होडी धरली, तर डायव्हरला आडोसा मिळतो. पण हलकी फायबरची होडी वाऱ्याने ढकलली जाऊन त्याच्याच अंगावर सरकते. म्हणून जाणता माणूस थोडं अंतर राखून थांबतो आणि फ्लोट बांधलेला लांब दोर पाण्यात सोडतो. इंजिनाचा पंखा थांबल्याशिवाय कुणालाही जवळ बोलावत नाही. डायव्हर दोर धरून एकेक करत येतात. घाई त्यांना असते, त्याला नसते.

(जवळून: दोर धरलेला हात.)

मास्क डोळ्यांवरच राहतो, टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर तोंडातच. वर आल्या आल्या दोन्ही काढून टाकायची अनेकांना सवय असते, आणि मग नाकातोंडात पाणी जातं. छोट्या होडीवर आधी वजनाचा पट्टा वर द्यायचा, मग हवा भरलेलं जॅकेट टाकीसकट. फिन्स, म्हणजे पायांतले पोहण्याचे पंख, सगळ्यात शेवटी, शिडी पक्की हातात आल्यावर. हात निसटलाच, तर पोहायला पायांत फिन्स हव्यात.

मग लाटेची वाट बघायची. लाट वर उचलते तेव्हा पायरी धरायची आणि थेट चढून जायचं. अर्ध्यावर थांबायचं नाही.

(खुला समुद्र. क्षितिजावर किनारा नाही.)

विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, समुद्रात बुडालेलं अंग्रिया बँक हे प्रवाळाचं पठार आहे. तिथे किल्ल्याचा आडोसा नाही, बेट नाही. प्रवाळाचा माथाच वीसेक मीटर खोल. वर येताना पाच मीटरवर सुरक्षेसाठी तीन मिनिटांचा थांबा घेईपर्यंत प्रवाह माणसाला कुठल्या कुठे नेतो. लाटांच्या गर्दीत नुसतं डोकं शोधणं फार कठीण. म्हणून डायव्हर खालूनच नारिंगी फुगा वर सोडतो आणि होडी त्या फुग्यामागे जाते.

१९९८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन जोडपं पाण्यातच राहिलं. माणसं मोजण्यात चूक झाली आणि होडी परतली. दोघं नाहीत हे लक्षात यायला दोन दिवस लागले. ती दोघं पुन्हा सापडली नाहीत.

(होडीवर. ओले चेहरे.)

म्हणून इथे नुसती डोकी मोजत नाहीत. नाव घेतलं जातं, आणि ज्याचं नाव त्यानेच ओ द्यायची. सात नावं झाली. आठवा अजून शिडीवर आहे. त्याच्या ओची वाट बघत इंजिन बंदच आहे.