बेलची जलवाहिनी आणि प्रमुखपद : विल्मा मॅनकिलर यांची कारकीर्द

सभासद मित्रहो,

अमेरिकेत आपण घर घेतो, मुलांना शाळेत घालतो, हौसेने गणपती बसवतो. परंतु आपण ज्या जमिनीवर राहतो ती आपल्याआधी कोणाची होती, याची चौकशी फारशी करत नाही. म्हणून आजच्या मेळाव्यात मी या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी एका स्त्रीविषयी बोलायचे ठरवले. चेरोकी राष्ट्राच्या, म्हणजे चेरोकी या मूळ जमातीच्या स्वशासनाच्या, पहिल्या निर्वाचित महिला प्रमुख विल्मा मॅनकिलर यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. तो त्यांच्या पदामुळे नाही, तर त्या पदापर्यंत ज्या वाटेने गेल्या त्या वाटेमुळे आहे.

‘चीफ’ हा शब्द ऐकला की पिसांचा टोप घातलेला चित्रपटातला सरदार आपल्या डोळ्यांसमोर येतो. चेरोकी राष्ट्राचा ‘प्रिन्सिपल चीफ’ मात्र मतपेटीतून निवडला जातो. त्याच्यासोबत लिखित संविधान असते, निवडून आलेली परिषद असते आणि स्वतंत्र न्यायालय असते. १८३८-३९ मध्ये जॉर्जिया, टेनेसी आणि आसपासच्या प्रदेशांतून या लोकांना सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे हाकलण्यात आले. सुमारे सोळा हजारांपैकी चार हजार माणसे या सक्तीच्या स्थलांतरात मरण पावली, असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. उरलेल्यांनी आजच्या ओक्लाहोमातील टॅलेक्वा येथे १८३९ मध्येच नवे संविधान लिहून काढले. पुढे १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झाले, जमातीच्या शासनाचे अधिकार जवळपास संपुष्टात आले आणि प्रमुखाची नेमणूक अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष करू लागले. आपला प्रमुख स्वतः निवडण्याचा हक्क चेरोकींना प्रत्यक्षात परत मिळाला तो १९७१ मध्ये.

विल्मा यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९४५ रोजी टॅलेक्वा येथे झाला. अकरा भावंडांत त्या सहाव्या. जमातीची सामायिक जमीन मोडून सरकारने व्यक्तिगत वाटे पाडले होते, त्यात आजोबांच्या वाट्याला आलेल्या १६० एकरांवर हे कुटुंब राहत असे. घरात वीज नव्हती, नळ नव्हता. पाणी झऱ्यावरून भरून आणावे लागे. १९५६ मध्ये संघराज्य सरकारच्या पुनर्वसन योजनेखाली हे कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोला गेले. जमातींच्या लोकांना त्यांच्या भूमीवरून शहरांत हलवून सर्वसाधारण समाजात विरघळवावे, असा त्या योजनेचा हेतू होता. विल्मा यांच्या बाबतीत मात्र नेमके उलटे घडले. १९६९ च्या नोव्हेंबरात वेगवेगळ्या जमातींच्या तरुणांनी आपल्या हक्कांकडे लक्ष वेधण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतील अल्काट्राझ बेटाचा ताबा घेतला आणि तो एकोणीस महिने टिकवला. विल्मा यांची काही भावंडे त्या बेटावर होती. स्वतः विल्मा किनाऱ्यावर राहून निधी उभारण्याचे काम करत होत्या. संसार आणि दोन लहान मुली सांभाळणारी ही गृहिणी तेव्हापासून सार्वजनिक कामात आली. पुढे कॅलिफोर्नियातील पिट रिव्हर जमातीच्या जमिनीच्या खटल्यासाठी काम करताना करार, हक्क आणि सार्वभौमत्व यांचा अर्थ त्यांना प्रत्यक्ष कागदपत्रांतून उमगला.

सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्या मुलींना घेऊन ओक्लाहोमाला परतल्या आणि चेरोकी राष्ट्राच्या कार्यालयात नोकरीला लागल्या. १९७९ मध्ये समोरासमोर झालेल्या मोटार अपघातात त्या मरणाच्या दारातून परत आल्या. दुसऱ्या गाडीत त्यांचीच मैत्रीण होती आणि ती दगावली. शरीर सावरते न सावरते तोच स्नायूंच्या गंभीर दुखण्याने त्यांना गाठले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्यांनी हाती घेतलेले काम हा त्यांच्या कारकिर्दीचा गाभा आहे, असे मला वाटते, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

ओक्लाहोमाच्या अडेर काउंटीतील बेल ही साडेतीनशेच्या आसपास लोकवस्तीची, बहुतांश चेरोकी भाषकांची वाडी. कित्येक घरांत पाणी नव्हते आणि बाहेरच्यांच्या लेखी ही माणसे निरुद्योगी होती. विल्मा आणि त्यांचे सहकारी चार्ली सोप यांनी तयार योजना घेऊन न जाता तुम्हाला काय हवे, असे वाडीला विचारले. उत्तर आले : पाणी. मग ठरले की साहित्य आणि तांत्रिक साहाय्य मिळवून देऊ, पण चर खणायचे आणि नळ टाकायचे ते गावकऱ्यांनीच. सुमारे सोळा मैलांची ती जलवाहिनी गावातल्या स्त्रीपुरुषांनी स्वतःच्या श्रमाने पूर्ण केली. चेरोकी भाषेत अशा एकत्र राबण्याला ‘गडुगी’ म्हणतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही, कारण त्याच्याकडे ‘इर्जिक’ हा शब्द आहे. चार्ली सोप यांच्याशी विल्मा यांनी पुढे १९८६ मध्ये विवाह केला.

बेलचे काम पाहून प्रमुख रॉस स्विमर यांनी १९८३ च्या निवडणुकीत त्यांना उपप्रमुखपदासाठी आपल्यासोबत घेतले. स्विमर रिपब्लिकन आणि बँक व्यवसायातले, तर विल्मा डेमोक्रॅट आणि चळवळीतल्या; तरीही ही जोडी जमली. प्रचारात विल्मा यांच्या गाडीची चाके फाडली गेली, ठार मारण्याच्या धमक्या आल्या. बाईला नेता केले तर इतर जमाती आपल्याला हसतील, असेही बोलले गेले. ज्या समाजात कुळ आईकडून चालत असे आणि अठराव्या शतकात नान्येही यांच्यासारखी स्त्री युद्ध व तहाच्या बैठकांत बोलत असे, त्या समाजात हा आक्षेप निघावा, याचे विल्मा यांना दुःख होते. त्यांच्या मते स्त्रीला दुय्यम मानण्याची ही रीत चेरोकींची नव्हती, ती बाहेरून आली होती.

डिसेंबर १९८५ मध्ये स्विमर संघराज्य सरकारातील पदासाठी वॉशिंग्टनला गेले आणि उपप्रमुख असलेल्या विल्मा प्रमुख झाल्या. १९८७ मध्ये फेरमतदानात त्या स्वतःच्या बळावर निवडून आल्या, तर १९९१ मध्ये ऐंशी टक्क्यांहून अधिक मते त्यांना मिळाली. मधल्या काळात, १९९० मध्ये, भावाने दिलेल्या मूत्रपिंडाचे त्यांच्यावर प्रत्यारोपण झाले होते. त्याच वर्षी चेरोकी राष्ट्राने संघराज्य सरकारशी स्वशासनाचा करार केला आणि पूर्वी सरकारी खाते ज्या निधीचा विनियोग ठरवत असे, त्याचे नियोजन जमातीच्या हाती येऊ लागले. त्यांच्या कारकिर्दीत नोंदणीकृत सदस्यांची संख्या दुपटीहून अधिक वाढली. आरोग्य केंद्रे आणि बालशिक्षणाची कामे उभी राहिली.

एक गोष्ट मात्र आदरापोटी झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. चेरोकी धनिकांनी एकेकाळी कृष्णवर्णीयांना गुलाम म्हणून राबवले होते आणि मुक्त झालेल्या त्या लोकांना व त्यांच्या वंशजांना अमेरिकी सरकारशी झालेल्या १८६६ च्या तहाने चेरोकींचे हक्क मिळाले होते. १९८३ च्या निवडणुकीत या वंशजांना मतदान नाकारण्यात आले आणि विल्मा प्रमुख असतानाही ते बाहेरच राहिले. त्यांचे नागरिकत्व मान्य होण्यास २०१७ चा संघराज्य न्यायालयाचा निकाल यावा लागला. स्वतः विस्थापनाची झळ सोसलेल्या नेत्याकडून या बाबतीत अधिक अपेक्षा होती.

१९९५ मध्ये प्रकृतीमुळे त्यांनी पुन्हा निवडणूक लढवली नाही. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ दिले आणि २०२२ मध्ये पाव डॉलरच्या नाण्यावर त्यांची प्रतिमा आली. ते नाणे हाती आले तर जरूर निरखून पाहा : त्यावर ‘चेरोकी राष्ट्र’ ही अक्षरे सिक्वोया या चेरोकी माणसाने दोनशे वर्षांपूर्वी घडवलेल्या लिपीत आहेत. आपल्या बाराखडीत जसे ‘का’ आणि ‘की’ एका दमात उच्चारले जातात, तसे त्या लिपीतले जवळपास प्रत्येक चिन्ह एक पूर्ण उच्चार दाखवते. पद सोडल्यावर विल्मा आपल्या आजोबांच्या त्याच जमिनीवर राहत होत्या आणि ६ एप्रिल २०१० रोजी, अडेर काउंटीतच, त्यांचे निधन झाले.