बाई कशी दिसावी, हे ठरवलं कुणी?

हा फोटो नीट बघा. भरजरी शालू, नाकात नथ, अंबाड्यावर गजरा, मान किंचित झुकलेली. हे बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८ चा, संगीत नाटकांत बायकांच्या भूमिका करणारे नट.

त्या काळी चांगल्या घरातली बाई स्टेजवर गेली की अब्रू गेली असंच धरायचे, बायकांच्या वेगळ्या नाटक मंडळ्या होत्या पण लोक त्यांना नाकं मुरडायचे, त्यामुळे 'मानापमान'मधली भामिनी पुरुषच, 'स्वयंवर'मधली रुक्मिणीपण पुरुषच. आणि नाटक बघून आलेल्या बायका घरी बालगंधर्वांसारखी साडी नेसायच्या, तसाच गजरा माळायच्या. बाईनं बाईसारखं कसं दिसावं, हे तिला एक पुरुष शिकवत होता!

साडीचं एकवेळ ठीक आहे, पण वागण्याचं काय? १९१९ ला 'एकच प्याला' आलं. त्यातली सिंधू आठवा, तीही बालगंधर्वांनीच केलेली, नवरा दारूपायी वाया गेलाय, संसाराची धूळधाण झालीय, ही लोकांची दळणं दळते आणि नवऱ्याला बोल म्हणून लावत नाही. नाटककार गडकऱ्यांनी लिहिलं दारूवर, पण लोकांच्या मनात घर केलं ते सोसणाऱ्या सिंधूनं. लिहिणारा पुरुष, पदं म्हणणारा पुरुष, कंपनीचा मालक पुरुष, आणि कित्ता गिरवायचा कुणी, तर बायकांनी.

सिनेमातपण सुरुवात तशीच. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये राणी तारामती झाले अण्णा साळुंके, सिनेमा काढणाऱ्या दादासाहेब फाळक्यांना ते एका हॉटेलात सापडले होते, तिथे ते कामाला होते. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, केवढं धाडस लागलं असेल त्याला! पुढे १९३७ ला 'कुंकू'मधली शांता आपटेंची नीरा, म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलं तरी त्याला नवरा मानायला साफ नकार देते. म्हणजे वेगळी बाई दाखवता येत होती आणि लोक तिकीट काढून ती बघतपण होते. मग आजच्या सिरियलमध्ये गप्प बसून सोसणारी सून तेवढी चांगली आणि तोंडावर बोलणारी लगेच व्हिलन, हे का? मला याचा खरंच राग येतो.

आणि पुरुषांचं बघा. बालगंधर्वांना १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं, बायकी चाल, बायकी लाजणं यावर अख्खा महाराष्ट्र जीव टाकायचा. नंतर कॉमेडीत तेच सगळं फक्त हसण्यासाठी उरलं, पुरुष साडी नेसून आला की हशा, जरा लचकत बोलला की अजून हशा. वर्गातला एखादा मुलगा तसा बोलतो, त्याला पोरं 'बायल्या' म्हणून चिडवतात, हा शब्द त्यांना कुणी वेगळा शिकवायला लागत नाही, आणि संध्याकाळी तो मुलगा घरी येतो तेव्हा टीव्हीवर तोच सीन चालू असतो आणि घरातले सगळे पोट धरून हसत असतात.